जुनी स्पोर्ट मोटारसायकल घेताना

उसाची बिले जमा झाली की आमच्या कागल भागात दोन प्रकारची गिऱ्हाइके बाहेर पडतात. एक म्हशीचे आणि दुसरे मोटारसायकलचे. म्हैस घेणारा माणूस चार जाणती माणसे बरोबर नेतो. तिचे दात पाहतो, सड पिळून पाहतो, दोन वेळची धार समोर काढायला लावतो आणि मगच विसार देतो. मोटारसायकल घेणारा मात्र मोबाईलवरचा फोटो पाहून विसार पाठवून मोकळा होतो. म्हैस खोटी निघाली तर दूध कमी देईल. गाडी खोटी निघाली तर काय होईल, ते त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या शेजारचे आप्पा आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, माझाच जुना विद्यार्थी. आप्पा म्हणाले, "मास्तर, पोरगं ऐकंना झालंय. त्याला ती वाकून चालवायची गाडी पाहिजे. नवी घ्यायची आमची ताकद न्हाई. निपाणीला एक जुनी बघून आलाय. घेऊ का नको, एवढं सांगा."

मला नको म्हणता आले नाही. खरे सांगायचे तर मीही नोकरी लागल्यावर पहिल्या दोन वर्षांचा पगार साठवून आरएक्स-१०० घेतली होती. ती गाडी १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. पण तिचा आवाज आमच्या पिढीतले लोक अजून ओळखतात. एका संध्याकाळी मी ती गाडी दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर नेऊन आदळली. माझा डावा गुडघा आजही पुरता वाकत नाही. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

आप्पांना मी एवढेच म्हणालो, "गाडी पळते किती, हे पोराला ठाऊक आहे. ती थांबते कुठे, हे आपण तिघे मिळून बघू." त्यानंतर आम्ही जे पाहिले आणि शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

प्रथम गाडी कोणती घ्यावी ते पाहू. घराघरांत असते ती १०० सीसीची साधी स्प्लेंडर सुमारे ८ अश्वशक्तीची. माझी आरएक्स ११ अश्वशक्तीची होती. २००८ साली आपल्याकडे आलेली यामाहाची पहिली आर-१५ सुमारे १७ अश्वशक्तीची, बजाज पल्सर २२० सुमारे २१ची, २०१२ साली आलेली आणि आपल्या चाकणला तयार झालेली केटीएम ड्यूक-२०० ही २५ची, आणि तिचीच थोरली बहीण आरसी-३९० जवळजवळ ४३ची. म्हणजे वडिलांच्या स्प्लेंडरवर हात बसलेला मुलगा एकदम आरसी-३९० वर बसला, तर त्याच्या मुठीत पाचपट ताकद येते. गाडीचे वजन मात्र पाचपट होत नाही, दीडपटच्या आसपास होते. बाकीची सारी ताकद वेगात जाते.

युरोपातील देशांत यासाठी परवान्याच्या पायऱ्या केलेल्या आहेत. तेथे सोळा-अठरा वर्षांच्या मुलाला आधी लहान गाडी, मग दोन वर्षे मधली, आणि त्यानंतर मोठी. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकच. तो हाती पडला की ८ अश्वशक्तीची गाडी चालवा की २०० अश्वशक्तीची, कायदा अडवत नाही. तेव्हा ही पायरी घरातल्या माणसांनीच घालायला हवी. माझे मत विचाराल तर पहिली स्पोर्ट गाडी १५० ते २०० सीसीची असावी. दोन वर्षे तिच्यावर काढावीत, मग पुढचे पुढे. शिवाय जुन्या गाड्यांत या आकाराच्या गाड्या भरपूर मिळतात आणि त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. ज्या गाडीची क्लचची तार आणायला पुण्याला माणूस पाठवावा लागतो, ती गाडी शेतकऱ्याच्या दारात शोभेला उभी राहते.

बसून पाहणेही महत्त्वाचे. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. स्पोर्ट गाडीचे हँडल खाली आणि पाय मागे असतात, त्यामुळे मनगटावर भार येतो. दोन मैलांत हे कळत नाही. कोल्हापूरला जाऊन येताना कळते.

आता कागदपत्रांकडे वळू. गाडीला हात लावण्यापूर्वी कागद पाहावेत, असा माझा आग्रह आहे. कारण एकदा गाडी मनात भरली की कागदातल्या उणिवा दिसेनाशा होतात.

जमीन घेताना तुम्ही सातबारा काढता. त्यावर नाव कोणाचे, बोजा आहे काय, इतर हक्कांत काय लिहिले आहे, हे तलाठ्याला विचारता. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. तिच्यावरचे नाव आणि विकायला उभा असलेला माणूस एकच आहे काय, ते पाहा. "गाडी माझ्या मेहुण्याची आहे, तो मुंबईला असतो" असे उत्तर आले तर मेहुणा येईपर्यंत थांबा. चेसिसवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर हा आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा करून ताडून पाहा. चेसिस नंबर बहुधा हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर कोरलेला असतो. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर तेथूनच राम राम करावा. कारण अशी गाडी चोरीची असू शकते.

गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा चढवलेला असतो. हप्ते फिटले एवढे तोंडी सांगणे पुरत नाही. कंपनीचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ भरून तो बोजा आरटीओत उतरवावा लागतो. गाडीचा नंबर घालून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर विम्याची आणि नोंदणीची मुदत पाहता येते, आणि थकलेली ई-चलनेही पाहता येतात. दंड राहिला असेल तर तो विकणाऱ्याने आधी भरावा. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांतील लोकांनी आणखी एक ध्यानात धरावे. निपाणी-बेळगावची गाडी स्वस्त वाटते. पण ती कर्नाटकात नोंदलेली असते. तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. हा सारा हिशेब मांडला की स्वस्ताई बरीचशी उडून जाते. आप्पांच्या मुलाने पाहिलेली गाडी अशीच निघाली. शिवाय विकणारा म्हणाला, "सही केलेले फॉर्म देतो, नावावर तुम्ही सवडीने करा."

त्यातली मेख समजून घ्या. सही केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर खेड्यापाड्यांत कितीतरी गाड्या हातोहात फिरतात. मोटार वाहन कायदा मात्र सांगतो की, विक्री एकाच राज्यात झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवले पाहिजे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. एक मोटार एकाच्या हातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या हाती गेली. नोंदीवर नाव पहिल्याचेच राहिले. आणि अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. बिचाऱ्याने गाडी केव्हाच विकून टाकली होती! तेव्हा नाव बदलणे हे घेणाऱ्याच्या हिताचे आहे, तसेच विकणाऱ्याच्याही. विम्याचेही तसेच. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. तरी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव लावून घ्यावे लागते. नाही तर स्वतःच्या गाडीचे नुकसान मागायला गेल्यावर दावा अडतो.

निपाणीची गाडी आम्ही सोडली. मुलाचे तोंड आठ दिवस उतरलेले होते.

दुसरी गाडी कोल्हापुरातच मिळाली, दीडशे सीसीची, एका नोकरदार मुलाची. ती पाहायला जाताना मी आमच्या गावच्या मिस्त्रीला बरोबर घेतले. त्याला दिवसाची मजुरी दिली. ही मजुरी देताना हात आखडू नका.

मिस्त्रीने पोहोचताच पहिली गोष्ट कोणती केली असेल? इंजिनाला हात लावून पाहिला. इंजिन गार आहे की नाही, हे त्याला पाहायचे होते. ज्या गाडीला सकाळी सुरू व्हायला त्रास होतो, ती गाडी विकणारा गिऱ्हाईक येण्यापूर्वी सुरू करून गरम ठेवतो. गार इंजिन एका बटणात सुरू झाले म्हणजे बरीच शंका फिटते. सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे पाहा. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळते आहे. पाण्याने गार होणाऱ्या इंजिनातून, ते तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. अशा वेळी ऑइलचे झाकण उघडून पाहावे; ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर व्यवहार तेथेच थांबवावा.

दुसरे, गाडी पडलेली आहे काय? स्पोर्ट गाडी पहिल्या मालकाच्या हातून एकदा तरी आडवी झालेली असते, असे धरूनच चालावे. उभ्या गाडीचे पडणे आणि वेगातले घसरणे यांत मात्र फरक आहे. ब्रेकच्या आणि क्लचच्या दांड्यांची टोके, हँडलची टोके, पाय ठेवण्याच्या फूटरेस्टची टोके पाहा. तेथे लांबट घासल्याच्या खुणा असतील तर गाडी रस्त्यावरून घसरत गेलेली आहे. एका बाजूचे प्लॅस्टिकचे कव्हर अगदी नवे आणि दुसऱ्या बाजूचे उन्हाने विटलेले असेल, तर का, ते विचारा. नंतर हँडलखालची सांगाड्याची मान बारकाईने पाहा. तेथे रंग तडकलेला, नव्याने मारलेला किंवा वेल्डिंग केलेले दिसले तर गाडी समोरून आदळलेली आहे. कव्हर बदलता येते, सांगाडा सरळ करणे कठीण. आमच्या मिस्त्रीने गाडीच्या मागे दहा पावलांवर बसून एक डोळा मिटला आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत काय ते पाहिले. गवंडी ओळंबा पाहतो तसे.

मग पुढचे चाक उचलून हँडल हळूच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावले. मध्यावर ते किंचित अडकले तर कोनसेट गेला असे समजावे. पुढचे शॉकअप दाबून सोडावेत. नळीवर तेलाचे कडे उमटले तर ऑइल सील गेलेले आहे. हे दोन्ही दोष दुरुस्त होतात, पण त्यांचे पैसे किमतीतून वजा झाले पाहिजेत. मागच्या सॉकेटवरची चेन मागच्या बाजूने बोटांनी ओढून पाहा. ती दात सोडून बाहेर येत असेल, किंवा दात एका अंगाला वाकून आकड्यासारखे झाले असतील, तर चेन-सॉकेटचा पूर्ण संच बदलावा लागणार.

टायरवरची नक्षी सगळेच पाहतात, तारीख कोणी पाहत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षीदार दिसला तरी रबर कडक झालेले असते, आणि पहिल्या पावसात ते कळते. टायर मधोमध सपाट झाला असेल तर वळणावर गाडी विचित्र वागते. टायरचे पैसे वाचवू नयेत. गाडी रस्त्याला धरून असते ती दोन टायरांच्या तळहाताएवढ्या जागेवर, बाकी सगळे हवेत.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचे आहे. ब्रेक जोराने दाबला तरी चाक जागच्या जागी अडकून घसरू नये, यासाठी ही योजना असते. चावी फिरवली की एबीएसचा लहानसा दिवा लागतो आणि गाडी चालू लागली की विझतो. तो विझतच नसेल तर एबीएस नादुरुस्त आहे. तो मुळी लागतच नसेल तर दोष लपवायला कोणीतरी त्याची तार काढलेली असू शकते. ज्यांना परवडेल त्यांनी एबीएसचीच गाडी घ्यावी, असे मी स्पष्ट सांगेन.

मीटरवरच्या किलोमीटरवर फार विश्वास ठेवू नका. आकडा मागे नेणारे कारागीर आहेत. त्यापेक्षा फूटरेस्टचे रबर, मुठी आणि ब्रेकचा पाय किती झिजला आहे ते पाहा. आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळचा सायलेन्सर मागून घ्या. बदललेल्या सायलेन्सरला दंड होतो, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे शिव्याशाप होतात ते वेगळे.

आम्ही किंमत ठरवताना एक केले. आप्पांनी जेवढी रक्कम काढली होती, तिचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवायला लावला. त्यातून दोन टायर, ब्रेकपॅड, ऑइल, चेन-सॉकेट आणि हेल्मेट झाले. माघाच्या अखेरीस गाडी दारात आली आणि फाल्गुन संपायच्या आत आरसीवर मुलाचे नाव चढले.

गाडी दारात आली म्हणजे काम संपले, असे तुम्ही म्हणाल. परंतु खरा धोका तेथून पुढे असतो. अमेरिकेत प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल लिहिला. त्यात एक गोष्ट अशी निघाली की, अपघातात सापडलेल्या चालकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते. त्यांना मोटारसायकल चालवण्याचा अनुभव होता, जवळजवळ तीन वर्षांचा होता. नवी होती ती ती गाडी. दुसरी गोष्ट, शंभरातील ९२ जण स्वतःच्या मनाने, किंवा घरच्यांकडून आणि मित्रांकडून शिकलेले होते. आपल्या गावात पाहिले तर काय वेगळे आढळेल? मी आप्पांच्या मुलाला सांगितले, "पाच महिने ही गाडी म्हणजे बिनओळखीचा बैल समज. मागे कोणाला बसवायचे नाही, रात्री चालवायची नाही, आणि दर रविवारी सकाळी अभ्यास करायचा." तो म्हणाला, "कसला अभ्यास, सर?" मी म्हणालो, "थांबण्याचा."

शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर म्हैस आडवी आली, डोळ्यांनी पाहिली, मनाला पटली आणि हात ब्रेककडे गेला, एवढ्यात एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १७ मीटर गेली. मग कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या टायरांवर, सराव असलेल्या माणसाला आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४०. मुलांना मीटर समजत नसतील तर क्रिकेटची खेळपट्टी समजते. ती २० मीटरची. ताशी ४० च्या वेगाला एक खेळपट्टी लागते, ६० ला दोन, ८० ला तीन, आणि १०० ला साडेचार. वेग अडीचपट झाला, अंतर साडेचारपट झाले. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात असते, पण परीक्षेनंतर मुले विसरतात.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटून पडतो. सायकलवर लहानपणी पडल्यामुळे तो बसतो. खरे असे की, ब्रेक लागला की गाडीचे सारे वजन पुढच्या चाकावर येते, आणि म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा ब्रेक दाबणारा माणूस मागचे चाक घसरवतो आणि थांबत मात्र नाही. दोन्ही ब्रेक एकदम, पण पुढचा झटक्याने न दाबता लिंबू पिळावे तसा वाढत्या जोराने दाबावा. वाळूवर, खडीवर आणि चिखलात मात्र त्याच्याशी जपून. हा सराव मोकळ्या आणि स्वच्छ जागेत, ताशी २० पासून सुरू करून हळूहळू वाढवत करावा. आम्ही तालुक्याच्या बाजार समितीचे आवार परवानगी घेऊन वापरले. रविवारी सकाळी तेथे चिटपाखरू नसते. शाळेतून खडू नेला, एक रेघ मारली. रेघेवर आला की ब्रेक, आणि थांबला तेथे दुसरी खूण.

वळणाचेही एक गुपित आहे. वीस-पंचवीसच्या वर वेग असला की मोटारसायकल हँडल वळवून वळत नाही, ती कलून वळते. डावीकडे वळायचे असेल तर डाव्या मुठीवर पुढच्या दिशेने हलकेच दाब द्यावा. गाडी आपोआप डावीकडे कलते. ऐकताना हे उलटे वाटते. सरळ मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने अगदी हलक्या हाताने करून पाहा, म्हणजे पटेल. आंबा घाटातल्या वळणावर घाबरून हँडल ताठ धरणारा माणूस सरळ समोरच्या एसटीच्या बाजूला जातो, तो यामुळेच. वेग वळणापूर्वी कमी करायचा असतो, वळणात शिरल्यावर नव्हे. आणि जिकडे जायचे तिकडे पाहायचे; दरीकडे पाहिले की गाडी दरीकडे ओढते.

आता आपल्या रस्त्यांविषयी. शहरातल्या लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांत हे धोके नसतात. कारखाने सुरू झाले की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, लाल पट्टीही नसते, आणि पाचट लोंबून असलेली पट्टी झाकली जाते. मोटारसायकलच्या खालच्या उजेडात चाळीस-पन्नास मीटरपुढचे नीट दिसत नाही. ताशी ८० ला थांबायला तीन खेळपट्ट्या, म्हणजे साठ मीटर लागतात, हे आपण आताच पाहिले. वजाबाकी तुम्हीच करा. मी माझ्या गुडघ्यावर ती केलेली आहे. ट्रॉलीवाल्या बांधवांनाही माझी विनंती आहे, लाल परावर्तक पट्टीला फार पैसे पडत नाहीत. ती लावा आणि पाचटाच्या वर दिसेल अशी लावा.

शेतातून बाहेर येणाऱ्या ट्रॅक्टरचा चिखल डांबरावर सांडतो, आणि पहिल्या पावसात तो साबणासारखा होतो. शेतवाटेच्या तोंडाशी खडी पसरलेली असते. आणि समोरून येणारी चारचाकी उजवीकडे वळताना तुमच्या आडवी येते, हा जगभरचा नेहमीचा अपघात आहे. तिच्या चालकाने तुमच्याकडे पाहिले म्हणजे तुम्ही त्याला दिसलात, असे नव्हे. मोटारसायकल समोरून अरुंद दिसते, त्यामुळे तिचा वेग त्याला उमगत नाही.

मागे बसणाऱ्या बायामाणसांचा विचार स्पोर्ट गाडी करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. मागची सीट उंच आणि टीचभर. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारा आडोसा आणि धरायला मूठ असली पाहिजे, असा नियम आहे. पण हौशी मुले गाडी देखणी दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. जुनी गाडी घेताना तो नसेल तर पहिल्याच आठवड्यात बसवून घ्या. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होते, हे मी येथे सांगत नाही.

राहता राहिले हेल्मेट. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये आपल्या वेगवान मोटारसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्याने गाडी बाजूला घेतली होती. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. पुढे त्यांनी मोटारसायकलवरच्या सैनिकांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ साली निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेटच्या प्रसाराला तेथून मोठा जोर आला. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ५०,०२९ जण दुचाकीवर हेल्मेटवाचून होते.

तेव्हा गाडी जुनी घ्या, हेल्मेट जुने घेऊ नका. हेल्मेटच्या आत जो पांढरा थर्माकोलसारखा थर असतो, तो एकदाच दबून डोक्याचा मार स्वतः झेलतो. पुन्हा फुगत नाही. दुसऱ्याचे हेल्मेट कधी आपटले, हे बाहेरून दिसत नाही. आयएसआय शिक्का पाहा, डोक्याला घट्ट बसते काय ते पाहा, आणि हनुवटीचा पट्टा लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्याच्या कडेला जाऊन बसते. अंगात जाड कापडाचे पूर्ण बाह्यांचे जाकीट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट असावेत. चप्पल घालून गिअर टाकणाऱ्याच्या पायाची बोटे मी पाहिलेली आहेत.

शिक्षकांना एक शेवटचे सांगायचे आहे. अकरावी-बारावीची मुले अशा गाड्या घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहतात. गिअरच्या मोटारसायकलला वयाची अठरा वर्षे लागतात. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पालकसभेत हे वाचून दाखवा. पुष्कळ पालकांना ते माहीतच नसते, असा माझा अनुभव आहे.

आप्पांच्या मुलाच्या पहिल्या रविवारच्या खडूच्या खुणा आम्ही पावलांनी मोजल्या होत्या. ताशी ४० वरून थांबायला त्याला, रेघेपासून, एकवीस पावले लागली. मागचे चाक घसरून रस्त्यावर काळा पट्टा उमटला होता. आषाढापर्यंत तो तेवढ्याच वेगावरून चौदा पावलांत थांबू लागला आणि पट्टा उमटेनासा झाला. एका सकाळी आप्पाही बघायला आले होते. बराच वेळ कट्ट्यावर बसून पाहत होते. मग उठून गाडीजवळ गेले, मागच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "बसू काय आता मागं?"

मुलाने हेल्मेट काढले. "अजून एक महिना हाय, अण्णा," तो म्हणाला.